चढणीची चव

कल्याणच्या पुढचा हा पट्टा, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, समुद्रापासून चांगलाच आत आहे. तरी संध्याकाळच्या लोकलमधून उतरलेली माणसं स्टेशनाबाहेर मासळीच्या टोपलीपाशी हमखास थबकतात. पापलेट-सुरमईवरून नजर फिरते आणि मांदेलीच्या वाट्यावर स्थिरावते. लालबाग-परळ सोडून, घर परवडेल तिथे आलेल्या कितीतरी कुटुंबांनी ही आवड सोबत आणली. पापलेट कुणालाही आवडतं. मांदेली, जवळा, मुडदुशे, चिवणी यांची गोडी मात्र लागावी लागते.

मांदेली साफ करायला सुरी लागत नाही. अंगठ्याच्या नखाने डोकं मोडायचं, त्यासरशी आतडं ओढून काढायचं. वाटा साफ होईस्तोवर बोटांना सोनेरी चमक चढते. मग हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचं आगळ चोळून, तांदळाच्या पिठात घोळवून कडक तळायची. अशी मांदेली काट्यासकट खातात. मोठ्या माशाचा काटा हाताने काढता येतो. लहान माशाचा काटा जिभेनेच ओळखावा लागतो. ही ओळख घाईने होत नाही. आजी-आईच्या शेजारी बसून, घास घोळवत ती होते.

मे महिन्याच्या अखेरीस घरोघरी आगोटची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, तयारी चालते. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून सुकट, सुके बोंबील, वाकट्या उन्हं दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरायच्या. पावसाच्या झडीत तव्यावर बोंबील भाजला की वास जिनाभर पसरतो. ज्याला सवय नाही तो दार लावून घेतो. ज्याला आहे त्याला भूक लागते.

पण या मातीची स्वतःची मासळी पहिल्या जोरदार पावसात येते. ओढे भरतात, शेतं आणि नदी एक होतात आणि अंडी घालायला मासे उलट्या प्रवाहात वर चढतात. ही वलगण. बदलापूरच्या आसपासच्या गावांतले आगरी, ठाकूर, कातकरी पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन रात्रीच बाहेर पडतात. मळ्ये, शिवडे, एखादी मरळ. चुलीतल्या राखेत घोळवून, दगडावर घासून ते साफ करायचे, लसूण-तिखट लावून पानात गुंडाळायचे आणि निखाऱ्यावर भाजायचे. मातीचा किंचित वास, पोटातली अंडी, बारीक काटे. नवख्याला हे झेपत नाही. गावातला माणूस वर्षभर याची वाट पाहतो.

उल्हासनगरला ही चढण वेगळ्या नदीवरून ठाऊक आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. त्यांचा लाडका मासा पल्ला. तोही बारीक काट्यांनी भरलेला, तोही समुद्रातून सिंधू नदीत उलटा चढणारा. सिंध्यांचं दैवत झुलेलाल यांच्या चित्रात त्यांचं आसन याच माशावर असतं. १९३२ मध्ये सक्करचा आणि १९५५ मध्ये कोटरीचा बंधारा झाला आणि पल्ल्याची वरची वाट तुटली. वाट तुटली की मासा जातो, आणि माशामागून चवही जाते.

आपल्याकडे वाट बंधाऱ्यानेच तुटते असं नाही. इ. स. १०६० च्या अंबरनाथच्या शिवमंदिराला लगटून वाहणारी वालधुनी नदी कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्याने काळी पडली. २०१४ मध्ये तिच्यात रसायन ओतल्याने उल्हासनगरात शेकडो माणसं रुग्णालयात गेली. त्या पाण्यात मासा काय जगणार? बदलापूरच्या वरच्या अंगाला उल्हास नदी अजून बरीच जिवंत आहे, म्हणून तिथे वलगण अजून लागते.

ती पुढेही लागावी असं वाटत असेल, तर सांडपाण्याचा हिशेब नगरपालिकेकडे मागत राहिलं पाहिजे. आणि पाग टाकणाऱ्यांनो, पहिल्या पावसात अंड्यांनी भरलेली मासळी आधी वर जाऊ द्या. ती चढली तरच पुढच्या वर्षी ताटात मासा येईल, आणि तो कसा खायचा हे पोरांना शिकवता येईल.