ढगाची बातमी आणि आमचे शुद्धलेखन

आम्ही दोघे सोलापुरातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. वाङ्मयेतिहास, भाषाविज्ञान, व्याकरण आणि गेली काही वर्षे ‘प्रसारमाध्यमांसाठी लेखन’ अशी एक अभ्यासपत्रिका. या वर्गातून दरवर्षी दोन-चार मुले वृत्तपत्रांत जातात. कुणी तालुक्याचा वार्ताहर होतो, कुणी उपसंपादक. म्हणजे या जिल्ह्यातला शेतकरी सकाळी विज्ञानाची जी बातमी वाचतो ती लिहिणाऱ्याचे शिक्षण, झालेच असेल तर, आमच्या हातून झालेले असते. इतकी साधी गोष्ट ध्यानात यायला आम्हांला एक फजिती व्हावी लागली.

२०२३ साली सोलापूरच्या आकाशाविषयीचा एक शोधनिबंध अमेरिकेतील हवामानशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २००९ पासून ढगांवर प्रयोग चालवले होते. त्यांचा चौथा टप्पा २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात पार पडला. सह्याद्रीने पाऊस अडवावा आणि आपण पूर्वेला उरलासुरला झेलावा, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची स्थिती. प्रयोगासाठी असा पर्जन्यछायेचा प्रदेश हवाच होता. ढगाच्या तळाशी विमानाने क्षाराचे सूक्ष्म कण सोडायचे, त्यांभोवती मोठे थेंब तयार व्हायचे, ते लहान थेंबांना धडकून आणखी वाढायचे आणि पाऊस पडायचा, अशी ही मेघबीजनाची कल्पना. त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध होताच आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा दूरध्वनी आला. तो एका दैनिकात वार्ताहर होता. ‘सर, बातमी पाठवलीय. मॅडमनाही दाखवा. तासाभरात द्यायचीय. त्यात अठराच्या पुढे अधिक-उणेचे चिन्ह आहे, त्याचे काय करू?’

आम्ही ती बातमी वाचली. दोन ठिकाणी ‘वृद्धी’ ऱ्हस्व होती, ती दीर्घ केली. ‘च्या मुळे’ जोडून घेतले. एक वाक्य फार लांबले होते, त्याचे दोन भाग केले. आणि अधिक-उणेचे ते चिन्ह? ते वाचनाच्या ओघात खडा लागल्यासारखे वाटले, म्हणून काढून टाकायला सांगितले. दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली. मथळा असा होता की, कृत्रिम पावसामुळे सोलापुरात अठरा टक्के जादा पाऊस पडला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

आठवड्याने मंगळवेढ्याकडच्या एका विद्यार्थ्याने वर्गात ते कात्रण आणले. त्याच्या वडिलांनी विचारायला सांगितले होते, ‘त्या दोन सालांत अठरा टक्के जादा पडला म्हणतात, मग आमच्या रानात ज्वारी का जळाली?’ २०१८ हे या जिल्ह्याच्या दुष्काळाचे साल. प्रश्न सरळ होता आणि विचारणारा मनुष्य त्या पावसाच्या आशेवर जगलेला होता. आमच्याकडे उत्तर नव्हते. बातमी आमच्या हाताखालून गेली होती, हेही त्या मुलाला आम्ही लगेच सांगू शकलो नाही.

भौतिकशास्त्राचा विभाग आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर आहे. परीक्षेच्या पर्यवेक्षणाखेरीज आम्ही तो जिना कधी चढलो नव्हतो. त्या दिवशी चढलो. तिथल्या सहकारी बाईंनी शोधनिबंधाचा सारांश पुढे ठेवला आणि आम्ही जशी कविता वाचायला शिकवतो तशी ती टक्केवारी वाचायला शिकवली. ‘अठरा टक्के’ हे कशाच्या तुलनेत? संशोधकांनी २७६ ढग निवडले. त्यांपैकी काहींवर बीजन केले, काहींवर केले नाही, आणि कोणत्या ढगावर करायचे ते स्वतःच्या पसंतीने ठरवले नाही. दोन्हींच्या पावसाची तुलना झाली. वाढ दिसली ती कोठे? बीजनाच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेला, १०० चौरस किलोमीटरांच्या क्षेत्रात, सरासरीने. काही जागी ती ४६ टक्क्यांपर्यंतही होती. १०० चौरस किलोमीटर म्हणजे दहा गुणिले दहाचा एक चौकोन, आणि सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ जवळपास १४,८९५ चौरस किलोमीटर. आणि ते चिन्ह? १८ अधिक-उणे २.६, म्हणजे खरी वाढ साधारण १५.४ ते २०.६ यांच्या दरम्यान असावी, अशी संशोधकांनी स्वतःच्या विधानाला स्वतःच घातलेली मर्यादा. त्या निबंधातला सर्वांत प्रामाणिक शब्द तोच होता आणि शैलीच्या नावाखाली नेमका तोच आम्ही खोडला होता.

खाली येताना आणखी एक गोष्ट जाणवली. ‘कृत्रिम पाऊस’ हा शब्दप्रयोगच दिशाभूल करणारा आहे. कृत्रिम फुले फुले नसतात, कृत्रिम दात उगवलेले नसतात. इथे मात्र पाऊस खराच असतो, ढगही निसर्गाचाच असावा लागतो आणि माणसाचा हात लागतो तो मधल्या एका पायरीला. कोरड्या आभाळातून पाऊस पाडता येत नाही. राज्यात २००३ साली, पुढे २०१५ मध्ये दुष्काळनिवारणासाठी विमाने उडवली गेली, तेव्हाही हाच शब्द रूढ होता. त्याने अपेक्षा वाढवली आणि नंतर तितकाच अविश्वासही. शब्दांची अशी छाननी करणे हा तर आमचा रोजचा व्यवसाय! मग ती आम्ही बातमीच्या बाबतीत का केली नाही?

व्याकरणाच्या तासाला आम्ही क्रियापदाचे अर्थ शिकवतो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. ‘पाऊस वाढला’ हा स्वार्थ. ‘वाढावा’ या विध्यर्थात शक्यता आहे. ‘बीजन केले नसते तर इतका पडला नसता’ हा संकेतार्थ, आणि प्रयोगशास्त्राचा सारा डोलारा याच न घडलेल्या गोष्टीच्या तुलनेवर उभा असतो. म्हणजे विज्ञानाची बातमी लिहिणे हा काही अंशी आख्याताच्या अर्थांचा प्रश्न आहे. कथा शिकवताना आम्ही विचारतो, निवेदक कोण, तो कोठे उभा आहे, त्याला किती दिसते. शोधनिबंधाला आणि पत्रकार परिषदेत बोलणाऱ्याला हेच प्रश्न विचारायचे असतात. साधने आमच्याच कपाटात होती. ती कादंबरीपुरती राखून ठेवण्याची चूक आमची.

ही चूक परंपरेलाही धरून नाही. ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर गणित आणि ज्योतिष यांचे अध्यापक होते, कुलाब्याच्या वेधशाळेशीही त्यांचा संबंध होता आणि १८४० साली त्यांनी काढलेल्या ‘दिग्दर्शन’ मासिकात भौतिक विद्यांना मानाचे पान होते. मराठी पत्रकारितेच्या जन्मवेळी विज्ञान पाहुणे नव्हते, घरचेच होते. पुढे १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्याच १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत डॉ. जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवून बक्षीस मिळवले, ही हकिकत आम्ही वर्गात रंगवून सांगतो. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्षही झाले. विज्ञानकथेला अशी साहित्याने ओसरी दिली, पुढे माजघरही दिले. विज्ञानाची बातमी मात्र अंगणातच उभी राहिली, कारण तिला वाङ्मय म्हणावे असे कुणाला वाटले नाही आणि शास्त्र म्हणावे इतकी ती शास्त्रशुद्ध नव्हती.

विज्ञान-वार्ताहराला काय हवे, याचा विचार करताना आम्हांला तीन गोष्टी दिसतात. पहिली, साधने. ती मराठीत नाहीत, ही तक्रार अर्धीच खरी. भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून निघू लागलेल्या विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा, आणि आता तो संगणकावर कुणालाही उघडता येतो. मात्र केंद्र सरकारची ‘विज्ञान प्रसार’ ही १९८९ पासूनची संस्था २०२३ साली बंद झाली, यावरून सरकारी आधारावर किती विसंबावे हेही कळते. दुसरी गोष्ट, प्रशिक्षण. ते महानगरांत आणि बहुशः इंग्रजीत मिळते. तालुक्याचा वार्ताहर, ज्याला बातमीगणिक मोबदला मिळतो, तो तिथवर जाणार कसा? तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती म्हणजे सोबत. विज्ञान-पत्रकारांचा जागतिक महासंघ २००२ साली स्थापन झाला, पण आमच्या विद्यार्थ्याला त्या तासाभरात महासंघ नको होता. अधिक-उणे म्हणजे काय, हे न लाजता विचारता येईल असा एक माणूस हवा होता. त्याने योग्य प्रश्न विचारला होता. तो चुकीच्या मजल्यावर आला, एवढेच.

त्यानंतर आम्ही जे केले ते फार मोठे नाही. महिन्यातून एका शनिवारी दुपारी, वरच्या मजल्यावरचे दोघे-तिघे, आम्ही आणि गावात असतील ते माजी विद्यार्थी एकत्र बसतो. विज्ञानाची, शेतीची किंवा आरोग्याची एक छापील बातमी आणि तिच्या मुळाशी असलेला निबंध शेजारी ठेवून वाचतो. कशाच्या तुलनेत, किती जणांवर, कुठे, कोणाच्या पैशाने, आणि सांगणाऱ्याने स्वतः कोणती मर्यादा कबूल केली आहे, हे पाच प्रश्न फळ्यावर कायमचे लिहून ठेवले आहेत. कधी सात जण येतात, कधी तिघेच. रसायनशास्त्राचे एक सहकारी ‘विदा’ या शब्दावर दर वेळी भांडतात. आम्हीही काही शब्दांचा हट्ट सोडायला शिकलो आहोत. वाचकाला ‘डेटा’ कळत असेल तर आमच्या संस्कृत प्रत्ययांनी त्याची वाट अडवू नये.

आमचा तो विद्यार्थी येतो. मध्यंतरी त्याने एका बियाण्याच्या वाणाविषयी लिहिताना मर्यादेचे वाक्य घातले, ते रात्री जागेअभावी कापले गेले. पुढच्या बातमीत त्याने ते पहिल्याच परिच्छेदात घातले. या वेळी ते राहिले. आणि मंगळवेढ्याच्या त्या गृहस्थांना आम्ही मुलाकरवी उत्तर पाठवले. बातमी तपासण्यात आमची चूक झाली. वाढ मोजली ती एका लहान चौकोनातली होती, तुमचे रान त्यात होते की नाही ते बातमीने सांगायला हवे होते. आणि मेघबीजन एकट्याने दुष्काळ हटवील असा दावा संशोधकांचाही नाही. मुलाने येऊन सांगितले की, वडिलांनी ऐकून घेतले आणि विचारले, ‘हे तवाच का नाही छापलं?’