पाण्याच्या वाटेवरचं मारी

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडहून उत्तरेला निघाल्यावर पहिले काही तास गव्हाची शेतं सोबत होती, मग ती संपली. जॉर्ज गॉयडर या सर्वेक्षकाने १८६५ साली नकाशावर रेघ आखून बजावलं होतं, की हिच्या पलीकडे पावसाच्या भरवशावर पेरू नका. पुढे काही वर्षं पाऊस चांगला झाला आणि माणसं रेघ ओलांडून गेली. वाटेत फरीनाच्या ओस पडलेल्या दगडी भिंती पाहिल्या. तिथेही गव्हाचीच आशा होती.

त्याच्याही उत्तरेला मारी हे गाव. अ‍ॅडलेडपासून जवळजवळ सातशे किलोमीटर, वस्ती शंभरएक माणसांची. आपल्या माणदेशात पडतो त्याच्या निम्माही पाऊस इथे पडत नाही. तरी बर्ड्सव्हिल आणि उदनाडाटा या दोन्ही रस्त्यांचा फाटा इथेच का, हे मला समजून घ्यायचं होतं.

गावात जुन्या स्टेशनचे रूळ अजून आहेत. रेल्वे १८८४ साली आली. रुळांच्या एका अंगाला गोरे राहत, दुसऱ्या अंगाला आदिवासी आणि उंटवाले. या उंटवाल्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांत बलुची, सिंधी, पंजाबीही होते. थॉमस एल्डर या उद्योजकाने १८६५च्या अखेरीस आणवलेले शंभरावर उंट आणि त्यांना हाकणारे कराचीहून जहाजात चढले होते, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. त्यांच्या मातीच्या मशिदीची प्रतिकृती गावात उभी आहे. तिच्यापुढे उभा राहिलो तेव्हा हा इतिहास मला परका वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी पश्चिमेला बबलर झऱ्यावर गेलो. चहूकडे खारवट, रखरखीत माळ आणि मधल्या कुंडात तळाची वाळू उसळवत वर येणारं पाणी. पूर्वेकडच्या डोंगरांवर पडलेला पाऊस खडकांतून झिरपत, लाखो वर्षांनी इथे वर येतो. ऑस्ट्रेलियाचा पाचवा हिस्सा व्यापणारं हे भूजल-खोरं आहे. इथले आदिवासी अराबाना लोक पिढ्यान्‌पिढ्या अशा झऱ्यांच्या ओळीवरून ये-जा करत. १८५९ साली स्टुअर्ट या शोधप्रवाशाच्या तुकडीतल्या हेरगॉटला मारीजवळचे झरे दिसले. पुढे १८७२ची तारायंत्राची तार, उंटांचे तांडे आणि रेल्वे, सगळे याच ओळीने गेले. मारीच्या पुढचे रूळ १९८० साली बंद झाले, कारण कोरड्या नद्यांना पूर आला की ते वाहून जात. नवा मार्ग बराच पश्चिमेकडून नेला.

आता या खोऱ्यातून गुरांसाठी आणि खाणींसाठी बोअर घेऊन पाणी उपसलं जातं. भूगर्भातला दाब घटल्यामुळे काही झरे आटलेही आहेत. उघडे वाहणारे बोअर बंद करण्याचं काम सरकारने हाती घेतलं आहे. ते नेटाने पुरं व्हायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. पावसावर विसंबलेलं फरीना ओस पडलं. मारीला आणणारी वाट झऱ्यांनी आखली. ते झरे राखणं हेच या प्रदेशाचा इतिहास राखणं आहे.