पैशाची राखण

आमच्या आजीच्या काळी सुगीचा पैसा कणगीत दडवलेला असे. चोर आलाच तर कुत्रं भुंकायचं, भावकी धावायची. आता उसाचं बिल बँकेत जमा होतं आणि खताचे पैसे मी मोबाईलवरून देतो. सोय मोठी, यात शंका नाही. पण या पैशाची राखण कोण करतं?

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. कुलूप तुटलं नाही की तिजोरी फुटली नाही. कार्डाला पैसे द्यावेत का, हे बँकेच्या यंत्राला विचारलं जातं. चोरांनी मध्येच आपलं यंत्र बसवलं. ते दर वेळी 'द्या' म्हणत गेलं. बनावट कार्डांनी २८ देशांत नोटा काढल्या, काही आपल्या कोल्हापुरातही! संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०१९ च्या अहवालात याचा माग उत्तर कोरियापर्यंत लावला. म्हणजे घरफोडी पुण्यात आणि बळ मिळालं अणुबाँब बाळगणाऱ्या परक्या सरकारला.

ठेवीदारांची खाती वाचली, तोटा बँकेने सोसला. पण सहकारी बँक म्हणजे तरी कोण? आपण सभासदच ना!

सरहद्द जवान राखतात. ही दुसरी सरहद्द मात्र गावच्या बँकेतूनच जाते. यंदा आमच्या बँकेच्या वार्षिक सभेत मी विचारलं, "संगणकाच्या राखणीवर किती खर्च केला?" काहीजण हसले. मंडळी, लाभांशाबरोबर हाही प्रश्न तुम्ही विचारा. धन्याचं लक्ष असलं, तरच खळं राहतं.