नात्याच्या वाटेवरची पुस्तकं

“काका, सध्या काय वाचताय?” महाडहून पोलादपूरला निघालेल्या एसटीत कुणी असं विचारलं, की माणूस आधी कादंबरीचं नाव घेतो. पिशवीच्या तळाशी असलेलं दुसरं पुस्तक बाहेर यायला जरा वेळ लागतो. ते अच्युत गोडबोलेंचं ‘अर्थात’ असेल, नाहीतर ‘रिच डॅड पुअर डॅड’चा मराठी अनुवाद. पैशाचं पुस्तक वाचतो म्हटलं तर समोरचा आपल्याला पैशाच्या मागे लागलेला समजेल, ही धास्ती.

महाड-पोलादपूरच्या या खोऱ्यात तरी ती नको.

महाडहून रायगडाकडे जाताना नाते गाव लागतं. 14 जानेवारी 1896 रोजी तिथे चिंतामणराव देशमुखांचा जन्म झाला. केंब्रिजला ते वनस्पतिशास्त्र शिकले, पुढे आयसीएस होऊन मध्य प्रांत-वऱ्हाडात गेले. 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, नोटांवर त्यांची सही आली. 1950 मध्ये देशाचं अर्थखातं हाती आलं. याच माणसाने कालिदासाचं ‘मेघदूत’ मराठीत आणलं. यक्षाचा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक असं मानतात, म्हणजे देशमुखांच्या नोकरीचाच मुलूख. चलनाचे तक्ते वाचणारे डोळे आषाढाचा ढगही तितक्याच मायेने वाचत होते. त्यांना कुठलंच पुस्तक पिशवीत लपवावं लागलं नसेल.

चवदार तळ्याची गोष्ट तर महाडात पोरासोरांनाही ठाऊक असते. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी तिथलं पाणी ओंजळीत घेतलं, त्याच्या चार वर्षं आधी, 1923 मध्ये, लंडनहून त्यांचं ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ प्रसिद्ध झालं होतं. विषय चलनाचा, पण त्यातला एक मुद्दा थेट चुलीपर्यंत येतो. रुपयाचा विनिमयदर नुसता सोन्याशी बांधून भागत नाही. रुपयात जिन्नस किती येतो, ते स्थिर राहिलं पाहिजे. मजुरी रुपयात आणि तांदूळ बाजारभावाने घेणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. 1937 मध्ये बाबासाहेबांनीच खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. कोकणच्या कुळाचं दुखणं त्यांनी जमाखर्चाच्या अंगानेही जाणलं होतं. महाडच्या सत्याग्रहाबद्दल बोलताना हे पुस्तक मागे पडतं, याची हळहळ वाटते.

पोलादपूरच्या वाड्यांमध्ये आजही घर चालतं ते मुंबईच्या चाकरमान्याच्या आणि महाड एमआयडीसीतल्या पगारावर. पगार कुठे ठेवायचा, कर्ज किती झेपेल, हे प्रश्न जेवताना निघतात. मग पैशाचं पुस्तक फिरू लागतं: भावाकडून मेहुण्याकडे, तिथून शेजारी.

पावसाळ्यात अशी प्रत हातात घेऊन पाहावी. दमटपणाने पानं फुगलेली, वर दुधाच्या पिशवीचं वेष्टन, खूण म्हणून विजेचं बिल. चक्रवाढ व्याजाच्या पानावर समासात शिसपेन्सिलीने मांडलेलं असतं: 72 भागिले 8, बरोबर 9. आठ टक्क्यांनी रक्कम दुप्पट व्हायला लागणारी ही ढोबळ वर्षं. त्याखाली, निराळ्या अक्षरात, आणखी एक बेरीज: 9 अधिक 9, 18. आणि पुढे कंसात, ‘बारावी’.