पट्टीवाली

टोकियोला निघालं की लोक काय काय आणायला सांगतात! कुणाला माचा फ्लेवरचं किटकॅट हवं असतं, कुणाला सनस्क्रीन, कुणाला स्वयंपाकघरातली सुरी. बाबांनी निघायच्या आदल्या रात्री फक्त एक चिठ्ठी हातात ठेवली. आयुष्यभर बँकेत काढलेला माणूस, त्यामुळे पे-इन स्लिपच्या कोऱ्या बाजूवर, ठळक अक्षरांत: 'काइंड ऑफ ब्लू. माइल्स डेव्हिस. जुनी. पट्टीवाली.'

पट्टी म्हणजे 'ओबी'. जपानी रेकॉर्डच्या कव्हरला डाव्या कडेने गुंडाळलेली कागदाची पट्टी. किमोनोच्या कमरपट्ट्यावरून आलेलं नाव. तिच्यावर जपानीत अल्बमची माहिती आणि किंमत असते, आणि ती शाबूत असेल तर कलेक्टर मंडळी जास्त पैसे मोजतात. बाबा कलेक्टर नाहीत. त्यांच्याकडे होती ती पट्टीवाली होती, एवढंच.

1983 साली गिरगावातल्या आमच्या चाळीत मर्चंट नेव्हीतले एक काका राहायचे. त्यांनी योकोहामाहून ती रेकॉर्ड आणली आणि 'मला काही कळत नाही यातलं' म्हणून बाबांना देऊन टाकली. बाबा नाट्यसंगीतवाले, पेटी वाजवणारे. पण ही तबकडी त्यांना अशी काही चिकटली की रोज रात्री जेवणानंतर एक बाजू व्हायचीच.

लोच्या एकच होता. 'सो व्हॉट' हा पहिला तुकडा पांढरी दोनमध्ये आहे. बाबा पेटीवर साथ करायला बसले की सूर जुळायचा नाही. पांढरी दोन कमी पडायची, काळी दोन भलतीच वर जायची. रेकॉर्ड उलटली की मात्र 'ऑल ब्लूज' पांढरी पाचमध्ये चपखल. बाबांचं लॉजिक सरळ होतं. दुसरी बाजू लागते म्हणजे प्लेअर ठीक आहे. म्हणजे पेटीचेच काही सूर उतरलेत. ते पेटी घेऊन पेटीवाल्याकडे गेले. त्याने एकेक सूर तपासून सांगितलं, पेटी बरोबर आहे. बाबा ऐकेनात. शेवटी तो वैतागून म्हणाला, "मग साहेब, तुमची रेकॉर्डच खोटी असेल!" अमेरिकन कंपनीची, जपानमध्ये छापलेली रेकॉर्ड खोटी? बाबा भर दुकानात त्याला वाट्टेल ते बोलले आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

1997 साली माझा जन्म झाला. दहा बाय बाराच्या खोलीत पाळण्याला जागा हवी होती. प्लेअर आणि रेकॉर्ड्स चोरबाजारात गेल्या. म्हणजे मी आले आणि माइल्स डेव्हिस गेला. हे मला कुणी कधी ऐकवलं नाही, पण घरात ते सगळ्यांना माहीत आहे.

दोनेक वर्षांपूर्वी मी त्यांना फोनवर तोच अल्बम लावून दिला. त्यांनी पेटी काढली, पांढरी दोन दाबली आणि थांबले. "लागतंय की गं," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पण हे ते नाही." बाबांच्या डाव्या कानात हल्ली मशीन आहे. मी मनात म्हटलं, वय झालं.

तर असा बॅकग्राउंड घेऊन मी गेल्या नोव्हेंबरात टोकियोत उतरले. मुक्काम निशी-कासाईला, कॉलेजच्या मैत्रिणीकडे. भारतीय आयटीवाल्यांची ही लाडकी वस्ती. तिथून रोज सकाळी मेट्रो पकडायची आणि रेकॉर्ड्सच्या दुकानांत शिरायचं, हा माझा आठवड्याचा प्रोग्राम.

शिन्जुकूला 'डिस्क युनियन'ची इतकी दुकानं आहेत की रॉकचं वेगळं, जॅझचं वेगळं. शिबुयाला 'टॉवर रेकॉर्ड्स'ची नऊ मजली बिल्डिंग 1995 पासून उभी आहे. अमेरिकेतली मूळ कंपनी 2006 साली बुडाली, ही मात्र जोरात चालू. 2016 मध्ये काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसचं शटर पडलेलं पाहिलेल्या मुंबईकराला हे बघून काय वाटतं, ते मी लिहीत बसत नाही.

सेकंडहँड मालाची निगा तर बघत राहावी अशी. प्रत्येक रेकॉर्ड प्लास्टिकच्या पिशवीत, वर स्टिकर, स्टिकरवर ग्रेड आणि दोष हाताने लिहिलेले. कव्हरचा कोपरा किंचित दबलाय, हीसुद्धा नोंद. आपल्याकडे फ्लॅट विकताना एवढं सांगत नाहीत.

आणि रीइश्यूची भिंत! तिथे क्रेडिट कार्ड घामाघूम होतं. 180 ग्रॅमची जाड तबकडी. 33 ऐवजी 45 च्या स्पीडवर कापलेले डबल अल्बम. यात खाच सुईखालून जास्त वेगाने सरकते, त्यामुळे बारकावे मांडायला जागा मिळते. सीडीमध्येही प्रकार आहेत. युनिव्हर्सल आणि जेव्हीसीने आणलेली एसएचएम-सीडी एलसीडी स्क्रीनसाठी बनवलेल्या पारदर्शक प्लास्टिकपासून करतात. आत भरलेला डेटा साध्या सीडीसारखाच. मला फरक ऐकू आला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. तरी दोन घेतल्या, कारण छोट्या एलपीसारखं कागदी कव्हर फारच गोड होतं.

ऑडिओफाइल मंडळींना यावर राग येईल. पण 2022 चा किस्सा आठवा. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी मूळ टेपवरून काढलेल्या महागड्या रेकॉर्ड्ससाठी नावाजलेली. त्या वर्षी उघड झालं की मधे बऱ्याच वर्षांपासून एक डिजिटल पायरी होती, आणि कंपनीने ते मान्यही केलं. डिजिटलचा वाससुद्धा सहन न होणारे दर्दी तोवर त्याच रेकॉर्ड्सची तारीफ करत होते. कोर्टकचेरी झाली ती झालीच. मला मात्र गंमत वाटली ती कानांची.

असो. चौथ्या दिवशी पाय बोलायला लागले म्हणून शिबुयाच्या 'लायन'मध्ये जाऊन बसले. 1926 सालचं कॅफे, युद्धानंतर 1950 मध्ये पुन्हा बांधलेलं. आत कमाल अंधार आणि समोर देव्हाऱ्यासारखे दोन मजली स्पीकर. सगळ्या खुर्च्या त्यांच्याकडे तोंड करून. बोलायचं नाही, फोटो काढायचा नाही. एका कॉफीवर तासभर ब्राह्म्स ऐकला. शेजारच्या टायवाल्याला गाढ झोप लागली होती आणि कुणाला काही प्रॉब्लेम नव्हता.

बाबांची रेकॉर्ड सापडली ती जिम्बोचोला. हा जुन्या पुस्तकांचा मोहल्ला. एका पुस्तकाच्या दुकानावर, जिना चढून, आपल्या चाळीतल्या खोलीएवढं दुकान. मालक सत्तरीचे. त्यांनी दोन 'काइंड ऑफ ब्लू' काउंटरवर ठेवल्या. एक सीबीएस-सोनीची जुनी, ओबीसकट, 2,800 येन. दुसरी नवी, 45 स्पीडची डबल एलपी, 9,000 येन. बॅगेत आणि बजेटमध्ये जागा एकीलाच होती. "दोन्ही ऐकू का?" मी फोनच्या ट्रान्सलेटरवर विचारलं. त्यांनी आधी नवी लावली.

काय सांगू! बेस असा की खुर्चीच्या पायातून वर येतो. झांजेवर काठी पडते आणि तो नाद हवेत विरताना ऐकू येतो. माझा निर्णय झालाच होता. मग त्यांनी जुनी लावली. आवाज जरा पातळ, पण छान, स्वच्छ. आणि काहीतरी वेगळं. किंचित घाईत असल्यासारखं.

माझ्या फोनमध्ये लॉकडाउनमधल्या युकुलेलेचा ट्यूनर अजून होता. (युकुलेले कपाटावर आहे.) तो चालू केला. नव्या रेकॉर्डला काटा पांढरी दोनवर जवळपास स्थिर. जुनीला काटा तिच्या वर, मधल्या फटीत. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, हसले आणि जुनी उलटली. 'ऑल ब्लूज'. काटा बरोबर पांढरी पाचवर.

माझ्या अंगावर काटा आला.

ट्रान्सलेटर आणि हातवारे मिळून जे कळलं आणि रात्री मैत्रिणीच्या घरी वाचून पक्कं केलं, ते असं. हा अल्बम न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या 30व्या स्ट्रीटवरच्या स्टुडिओत 1959 साली दोन दिवसांत रेकॉर्ड झाला: 2 मार्च आणि 22 एप्रिल. 2 मार्चला मुख्य टेप मशीन किंचित हळू फिरत होतं. हळू फिरलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढतो. त्या दिवशीचे तिन्ही तुकडे पहिल्या बाजूवर आले, एप्रिलचे दोन दुसऱ्या बाजूवर. बॅकअपचं मशीन बरोबर वेगाने चालत होतं. त्याच्या टेपवरून 1992 मध्ये सुधारलेली आवृत्ती निघाली. म्हणजे 33 वर्षं जगभर पहिली बाजू चढ्या सुरात वाजत होती. आज फोनवर ऐकू येते ती दुरुस्त केलेली.

मालकांनी नव्या रेकॉर्डवर बोट ठेवून ट्रान्सलेटरमध्ये काहीतरी सांगितलं. स्क्रीनवर उमटलं: 'ही योग्य आहे.' खरं होतं. नवी जास्त चांगली होती, बरोबर होती, आणि मला स्वतःला तीच हवी होती. पण चिठ्ठी बाबांची होती. मी 2,800 येन मोजले. त्यांनी ओबीला धक्का लागू नये म्हणून रेकॉर्ड दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून दिली आणि जिन्यापर्यंत सोडायला आले.

टर्नटेबल मी मुंबईला परतल्यावर घेतला, ईएमआयवर. रविवारी संध्याकाळी आई भजी तळत होती. बाबांनी आधी ओबीवरून बोट फिरवलं, मग कानातलं मशीन नीट बसवलं. पहिली बाजू लावली. बेसने तो प्रश्न विचारला, ब्लोअर्सनी ते दोन स्वरांचं उत्तर दिलं. बाबा म्हणाले, "हां. हे."

पेटी शेजारीच होती. पांढरी दोन दाबली. नाही लागली. काळी दोन. नाही. मग मी सगळं सांगितलं, ते मशीन, मार्चची तारीख, ट्यूनरचा काटा. बाबा गाणं संपेपर्यंत गप्प होते. मला वाटलं, खूश होतील की त्यांचे कान चाळीस वर्षं बरोबर होते.

"अगं, म्हणजे तो पेटीवाला बरोबर होता," ते म्हणाले. भाता हळूच बंद केला. "मी काय काय बोललो त्याला. दुकानात चार गिऱ्हाइकं होती."

सुई रेकॉर्डच्या टोकाला जाऊन खरखरत राहिली. मी उठून उचलली.

"ते दुकान आहे का गं अजून गिरगावात?"