देव कुठल्या रकान्यात?

"साहेब, देवस्थानाचं खातं घरगुतीत टाकायचं का?"

फोनवर कोकणातल्या एका शाखेचा कारकून होता. साल १९८७, मार्च संपून आठवडा उलटलेला. मी एका बँकेच्या मुख्य कार्यालयात, सांख्यिकी विभागात नवा होतो. सूचनांची पुस्तिका चाळून मी सांगितलं, "हो. घरगुती, त्यात 'इतर'." पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "म्हणजे देव आणि मी एकाच रकान्यात!"

पुढची तीस-बत्तीस वर्षं मी हेच काम केलं. देशातल्या ठेवी कोणाच्या, याचा माग काढायचा. किती ठेवी आहेत हे सांगणं सोपं. लेजर टॅली झालं की आकडा हातात. कोणाच्या, हे सांगताना घाम फुटतो.

बँकांकडून रिझर्व्ह बँकेकडे जाणाऱ्या या विवरणपत्रांना 'बीएसआर' म्हणतात. ए. रामन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या शिफारशीवरून १९७२च्या डिसेंबरात ही पद्धत सुरू झाली. ठेवीदारांची त्यात ढोबळ पाच घरं: सरकार, खासगी कंपन्या, वित्तीय संस्था, परदेशी आणि घरगुती. पहिली चार घरं बऱ्यापैकी रेखीव आहेत. पाचवं म्हणजे आपल्याकडचा माळा. पगारदार, शेतकरी, डॉक्टर, अविभक्त कुटुंब हे तर त्यात आहेतच. पण कोपऱ्यावरचं किराणा दुकान, दोन भावांची भागीदारीतली पिठाची गिरणी, शिक्षणसंस्था, गणेश मंडळ, क्लब आणि देवस्थानही तिथेच. दुसरीकडे कुठे बसत नाही, ते घरगुती. बँकांतल्या एकूण ठेवींपैकी साठ टक्क्यांहून जास्त ठेवी वर्षानुवर्षं या माळ्यावर दिसत आल्या आहेत. वर्तमानपत्रात 'भारतीय कुटुंबांची बचत' असा मथळा येतो तेव्हा वाचकाच्या डोळ्यांपुढे आई-वडील, दोन मुलं आणि पासबुक येतं. माझ्या डोळ्यांपुढे ती पिठाची गिरणी येते.

हे काही आजचं दुखणं नाही. १९४९ साली महालनोबिसांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली, तिच्यात आपले धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव होते. तेव्हापासून प्रश्न तोच: सरकार हिशेब ठेवतं, कंपनी ताळेबंद छापते, पण कोट्यवधी घरांचा जमाखर्च कोण मांडणार? मग घरांची बचत थेट न मोजता उरलेल्यातून काढायची. एकूण आकड्यातून सरकार वजा, कंपन्या वजा, बाकी घरांच्या नावावर. साहजिकच, कंपन्यांच्या आकड्यात चूक झाली की तिची शिक्षा घरांना. के. एन. राज समितीने १९८२ साली आणि रंगराजन समितीने २००९ साली या पद्धतीची कसून तपासणी केली, डागडुजी सुचवली. शिल्लक बाकीचा स्वभाव काही पुरता सुटला नाही.

ठेवींचा माग काढताना पहिली सवय लावून घ्यावी लागते ती एकच रुपया दोनदा न मोजण्याची. महाराष्ट्रात ही कसोटी फार लागते. गावातली शिक्षिका पतसंस्थेत दहा हजार ठेवते. पतसंस्था त्यातले काही जिल्हा मध्यवर्ती बँकेत ठेवते. जिल्हा बँक त्यातले काही राज्य सहकारी बँकेत. तिन्ही ताळेबंदांत 'ठेवी' वाढल्या, बचत मात्र एकाच बाईने केली. तिन्ही संस्थांचे अहवाल शेजारी ठेवून बेरीज मारणारे उत्साही अभ्यासक मी पाहिले आहेत. त्यांच्या हिशेबाने आपला जिल्हा स्वित्झर्लंड व्हायला हवा होता.

याच्या उलट भिशी. बारा जणी दरमहा दोन हजार काढतात, ज्या बाईचा नंबर लागतो ती चोवीस हजार घेऊन जाते. प्रत्येकीच्या मनात ती बचतच आहे, आणि तिचं म्हणणं खोटं नाही. पण राष्ट्रीय हिशेबात एकीचं येणं ते दुसरीचं देणं, दोघी एकाच घरगुती रकान्यात, म्हणून वजाबाकी शून्य. कारखान्याने उसाच्या बिलातून टनामागे कापून घेतलेली 'परतीची ठेव' तर शेतकऱ्याने ठरवून केलेलीच नसते. बँकेच्या विवरणपत्रात ती शेतकऱ्याच्या नावावर कधी येत नाही, कारखान्याच्या ताळेबंदात देणं म्हणून पडून राहते.

तारखांचंही एक प्रकरण आहे. पूर्वी बचत खात्यावर व्याज मिळायचं ते महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिल्लकेवर. त्यामुळे नऊ-दहा तारखेला भरण्याच्या खिडकीवर रांग, आणि महिनाअखेरीपर्यंत काढण्याची टाळाटाळ. माझी आई दहा तारखेला वाणसामानसुद्धा उधारीवर आणायची. १ एप्रिल २०१०पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज सुरू झालं आणि ती रांग विरली. पुढच्या वर्षी, २५ ऑक्टोबर २०११ला, बचत खात्याचा व्याजदरही बँकांवर सोडला गेला. मार्च एंडिंगची लाट मात्र विरली नाही. एका बँकेत (नाव कशाला घ्या) ३० मार्चला बड्या ग्राहकाला ओव्हरड्राफ्ट उचलायला लावून तीच रक्कम ठेव म्हणून दाखवलेली आणि २ एप्रिलला दोन्ही नोंदी उलटवलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. ३१ मार्चचा आकडा बघायचा तो लग्नातल्या फोटोसारखा; रोज कोणी इतकं नटलेलं नसतं.

कधी कधी कोणी काहीच न करता ठेवी वाढतात. १ जुलै २०२३ला एचडीएफसी ही गृहवित्त कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाली. कंपनीत ठेवलेल्या मुदत ठेवी आदल्या रात्री बिगरबँक रकान्यात होत्या, सकाळी बँक ठेवींत आल्या. ठेवीदार झोपेत होता. नंतर वर्षभर रिझर्व्ह बँकेला वाढीचे दर 'विलीनीकरण वगळून' असे वेगळे द्यावे लागले. नोटाबंदीत तर उलटा खेळ झाला: १५.४१ लाख कोटींच्या नोटा रद्द झाल्या, त्यातल्या १५.३१ लाख कोटी परत आल्या. घरांची रोख बचत त्या वर्षी उणे दिसली आणि ठेवी फुगल्या. डब्यातला पैसा खात्यात गेला, एवढंच. त्याला बचत वाढली म्हणायचं तर कपाटाच्या वरच्या कप्प्यातली साडी खाली ठेवल्यावर साड्या वाढल्या म्हणावं लागेल.

सध्या मला सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न: लोक म्युच्युअल फंडात पैसे टाकतात म्हणून बँकांच्या ठेवी आटल्या का? २०२४ साली यावर बरीच हाकाटी झाली. माझा पुतण्या दरमहा पाच हजारांची एसआयपी करतो. त्याच्या खात्यातून पाच हजार गेले ते फंडाच्या खात्यात, म्हणजे बँकेतच. रकाना फक्त घरगुतीतून वित्तीय संस्थांकडे सरकला. फंडाने शेअर घेतले, विकणारा नाशिकचा एखादा इंजिनिअर असेल तर पैसा पुन्हा घरगुतीत परतला. नव्या शेअरविक्रीत गेला तर कंपनीच्या चालू खात्यात. विकणारा परदेशी गुंतवणूकदार असेल आणि तो रुपये देऊन डॉलर घेऊन निघाला, तर रुपये डॉलर विकणाऱ्याकडे जातात. तो विकणारा खुद्द रिझर्व्ह बँक असेल, तरच तेवढी ठेव बँकिंग व्यवस्थेतून खरोखर नाहीशी होते. २०२४च्या ऑक्टोबरात परदेशी गुंतवणूकदार जोरात विकत होते आणि आपले फंड घेत होते, तेव्हा या साखळीची प्रत्येक कडी मला कागदावर काढून बघावीशी वाटली. निवृत्त माणसाचा छंद.

मग बँकवाले ओरडतात ते खोटं का? नाही. पुतण्याचे पाच हजार बचत खात्यात वर्ष-वर्ष पडून राहायचे, कमी व्याजावर. तेच पैसे फंडाच्या नावाने आले की घाऊक ठेव होतात. दर घासाघीस करून ठरतो आणि उद्या सकाळी निघूनही जातात. एकूण आकडा तोच, पण बँकेच्या शाखाधिकाऱ्याची झोप वेगळी. म्हणून एकूण ठेवींच्या आकड्यापेक्षा रकान्यांकडे बघा, असं मी सांगत आलो. ऐकणारे थोडे.

रकाना बदलण्याचं एक नमुनेदार उदाहरण आमच्या गावातच आहे. शेजारचा मुलगा वीस वर्षं दुबईत होता. रत्नागिरीच्या शाखेतलं त्याचं एनआरई खातं म्हणजे परदेशी क्षेत्र. त्यातून आईच्या औषधाला काढलेले पैसे देशाच्या परकीय हिशेबात 'खासगी हस्तांतरण' म्हणून नोंदले जायचे. रत्नागिरीतून रत्नागिरीत, पण परदेशातून आलेले. तो कायमचा परतला, खातं निवासी झालं, आणि त्या दिवशी घरगुती ठेवी तेवढ्याने वाढल्या.

गेल्या गणपतीत त्याच भागात गेलो होतो, ज्या शाखेतून तो फोन आला होता तिथे. कारकून केव्हाच निवृत्त झाला, देवळापाशी भेटला. दानपेटीवर आता क्यूआर कोड चिकटवलेला. मी सवयीने विचारलं, हा कोणाच्या खात्याला जोडलाय? तो हसला. आधी पुजाऱ्याच्या खात्याला होता, आता ट्रस्टच्या. दोन्ही खाती घरगुती क्षेत्रातच, देशाच्या आकड्यात पैचाही फरक नाही. गावात मात्र त्यावरून तीन बैठका झाल्या होत्या, आणि तिसरी रात्री दीड वाजता संपली.