राजकन्येने वाट का बघावी?

परीकथेतली राजकन्या राक्षसाच्या गुहेत रडत बसते नि राजपुत्राची वाट बघते. मला ते मुळीच पटत नाही. माझी आई रावेतहून पहाटेच चाकणच्या कंपनीत पहिल्या पाळीला जाते. ती कुठे कुणाची वाट बघते?

म्हणून मला भा. रा. भागवतांची ‘जाईची नवलकहाणी’ फार आवडली. मूळ गोष्ट लुईस कॅरल यांनी १८६५ साली लिहिली. तिच्यातली अ‍ॅलिस मुंडकी उडवायला निघालेल्या पत्त्यांच्या राणीला भर दरबारात उलट उत्तर देते.

एल. फ्रँक बॉम यांनी १९०० साली ओझच्या जादूगाराची गोष्ट लिहिली. त्यातली डोरोथी वावटळीत घरासकट उडून परमुलखात पडते. तरी बुजगावणे, पत्र्याचा माणूस आणि भित्रा सिंह यांना सोबत घेऊन ती घरची वाट शोधते.

दोघींकडे तलवार नाही. त्या प्रश्न विचारतात आणि घाबरल्या तरी थांबत नाहीत.

दादा म्हणाला, “ही पोरींची पुस्तकं!” मी म्हटलं, “मग भागवतांचाच फास्टर फेणे मी कसा वाचला?” दादा गप्प. आता जाई त्याच्या दप्तरात आहे.

पालकांनो, मुलगी पुस्तक घेऊन बसली तर तिला लगेच भांडी घासायला उठवू नका. भांडी दादालाही घासता येतात.